जुन्या फाइली आणायच्या का?

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज चर्चच्या कचेरीतला संगणक अद्ययावत झाला. मी नाही झाले.

जुन्या प्रणालीची मुदत संपली, यापुढे तिला कुणी सांभाळणार नाही, काही झालं तर जबाबदारी तुमची, असं पत्र उन्हाळ्यातच आलं होतं. आमच्या पूर्वेच्या लुथरन चर्चमध्ये माणसांचं सरासरी वय एकाहत्तर आहे. असं पत्र सगळ्यांनाच कधी ना कधी येणार, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

सकाळी नऊपासून फोनवर दुरुस्तीवाला. "मॅडम, आता निळं बटण. मॅडम, आता थांबा." मी थांबले. सत्तावन्न वर्षांत थांबण्याचा सराव चांगला झालाय. मग तो म्हणाला, पुढचे प्रश्न सोपे आहेत, तुमचे तुम्ही सोडवा, आणि गेला.

प्रश्न चाळीसेक असतील. हवामान दाखवू का? (खिडकी आहे.) बातम्या सांगू का? (त्या इथं चालत येतात.) तुमचा चेहरा ओळखू का? तुमच्या वतीनं पत्रं लिहू का? सगळ्यांना मी सभ्यपणे "नको, धन्यवाद" म्हटलं. शेवटी पडद्यावर आलं, "पुन्हा स्वागत, ग्वेन!" मी गेलेच कुठं होते?

ही वही मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली, उरलेली. पहिल्या पानावर छापलंय : "बाप्तिस्म्याचा अर्थ काय?" खाली सहा ओळी कोऱ्या. तिथून मी सुरू केलंय. हल्ली दहाच्या कॉफीला कचेरीत कुणी येत नाही, दहा ते साडेदहा हात मोकळे असतात. तेवढंच कारण.

बुधवार, १५ ऑक्टोबर

फाइली नाहीत.

एकही नाही. तेवीस वर्षांची रविवारची पत्रकं, लग्नं, बारशी, कुणाच्या कपाटाची किल्ली कुणाकडे. आणि निरोपाची पानं. त्रेसष्ट.

दुरुस्तीवाल्याला फोन केला.

"मॅडम, तिनं विचारलं होतं. 'जुन्या फाइली नव्या घरी आणायच्या का?' तुम्ही 'नको' म्हणालात."

"हो, पण पहिल्यांदा."

"मग तिनं विचारलं, 'नक्की नको?' तुम्ही म्हणालात, 'नक्की'."

"ते दुसऱ्यांदा!"

"मग?"

"मग तिसऱ्यांदा कुठं विचारलं?"

तो म्हणाला, "मॅडम, तिसऱ्यांदा कोण विचारतं?"

आता याला काय सांगू? मिनेसोटात माणूस तहानेनं मरत असला तरी पाण्याला दोनदा नाही म्हणतो. पहिल्यांदा नाही म्हणायचं ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा समोरच्याला खरंच द्यायचंय की नाही ते बघायला. तिसऱ्यांदा म्हणायचं, "बरं, अगदी अर्धाच." हे इथं गुरांनाही कळतं. ही प्रणाली लिहिणारे कुठं वाढलेत देव जाणे. त्यांच्या आयांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं असणार.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

डाव्या कोपऱ्यातलं बटण आता मध्यभागी बसलंय. हात अजून कोपऱ्यात जातो. तिथं आता हवामान आहे, मी "नको" म्हटलं होतं तरी. दिवसातून साठ वेळा मला कळतं की बाहेर एक्केचाळीस अंश फॅरेनहाइट आहे, म्हणजे स्वेटर.

छपाईयंत्र तिला सापडत नाही. दोघांत दोन फुटांचं अंतर आहे, मध्ये काही नाही. इथल्या बऱ्याच जोडप्यांचं असंच असतं म्हणा. माझं आणि रॉजरचं होतं. तो दुलूथला गेला तेव्हा अंतर वाढलं, फरक पडला नाही.

"पुन्हा स्वागत, ग्वेन!" रोज येतं. उद्गारचिन्हासकट. आमच्याकडे उद्गारचिन्ह आग लागली तरच वापरतात. आज संगणक तीनदा बंद करून चालू केला. नीट चालतोय का बघायला.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

ओपडाल सर येऊन गेले. शाळेत मला टायपिंग त्यांनी शिकवलं. आता वय शहात्तर, गावात संगणकातलं कळणारे तेवढेच. डार्लाचे थोरले भाऊ. (नाव लिहिलं गेलं हातून. असू दे.)

"बसा सर. कॉफी?"

"नको."

"केलेलीच आहे."

"कशाला उगाच त्रास."

"अर्धा कप?"

"अर्धा चालेल."

काठोकाठ दोन कप प्यायले. मी म्हटलं, "सर, त्या फाइली मशीनमध्ये कुठं दडल्यात का बघता?" त्यांनी पाऊण तास पाहिलं. मग चष्मा काढला.

"मशीनमध्ये नाहीत."

"अरे देवा."

"मशीनमध्ये नाहीत," पुन्हा म्हणाले, आणि टोपी हातात घेऊन तसेच उभे राहिले. मी आणखी काहीतरी विचारावं, अशी वाट बघत असल्यासारखे. मला वाटलं तिसरा कप हवाय. ओतला. प्यायले आणि गेले.

जाता जाता त्यांनी तिला माझा चेहरा ओळखायला शिकवलं. "म्हणजे सांकेतिक शब्द नको. नुसतं समोर बसायचं." निदान कुणीतरी.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

गुरुवार पास्टर मेगनचा. बाकीचे दिवस त्या पश्चिमेच्या लुथरन चर्चच्या. पूर्व आणि पश्चिम यांत एक मैल अंतर आणि एकशे अडतीस वर्षांचं भांडण. कशावरून ते कुणालाच आठवत नाही, म्हणून मिटवताही येत नाही.

कोट न काढताच म्हणाल्या, "ग्वेन, मी डार्ला नीगार्डकडून येतेय. हॉस्पिसची नर्स आता रोज घरी येते."

मी पत्रकाच्या घड्या घालत होते. घालत राहिले.

"नर्स म्हणते, नाताळ दिसेल न दिसेल. तिचं निरोपाचं पान तुमच्याकडे आहे ना?"

"आहे तर."

"आणि तुम्ही जाऊन आलात?"

"सध्या नवी प्रणाली लावतेय. फार काम पडलंय."

माझ्याकडे बघत राहिल्या. कॅलिफोर्नियाच्या आहेत, त्यांना माणसाकडे थेट बघायची सवय आहे.

निरोपाचं पान ही माझीच कल्पना. माणूस गेल्यावर घरचे रडत असतात, त्यांना स्तोत्रं कुठली आणि जेवणाला काय, हे विचारणं बरं दिसत नाही. म्हणून प्रत्येकानं धडधाकट असतानाच सांगून ठेवायचं : स्तोत्रं, खांदेकरी, जेवण, कॉफी, बोलणार कोण. "कुणाला बोलू देऊ नये" हा रकाना मी नंतर घातला. सगळ्यांत भरभरून तोच लिहिला गेला.

पास्टर गेल्यावर शोधाच्या चौकटीत "डार्ला" असं लिहिलं. उत्तर आलं, "काहीही सापडलं नाही. जगभर शोधू का?"

जगभर कशाला? ती तीन मैलांवर आहे.

सोमवार, ३ नोव्हेंबर

हे एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

डार्लानं सव्वीस वर्षं चर्चचं स्वयंपाकघर चालवलं. दफनानंतरचं जेवण तिचं : हॅमचे पाव, बटाटे, जेली आणि घरी भाजलेल्या लिंबाच्या वड्या. रोज दहाला एप्रनला हात पुसत कचेरीत यायची, माझ्या टेबलावर बसायची (खुर्चीवर कधीच नाही) आणि म्हणायची, "चल, आज कुणाचे वाभाडे काढायचे?" मी काढायची. ती हसायची. एवढीच मैत्री. इतरांच्या असतात त्यापेक्षा बरीच जास्त.

गेल्या वर्षी १२ मार्चला माझ्या आईचं दफन होतं. जेवणाला वड्या विकतच्या. पेट्रोल पंपावर मिळतात त्या, चकचकीत पाकिटातल्या. चारशे लोकांना घरच्या आणि माझ्या आईला पाकिटातल्या! त्या रविवारच्या पत्रकात मी छापलं :

"स्टेन्सरूड कुटुंब स्वयंपाकघराचे आभारी आहे. पाकिटं फार कौशल्यानं उघडली होती."

सगळं चर्च हसलं. पश्चिमेच्या चर्चपर्यंत गेली ती ओळ. माझ्या चांगल्या ओळींपैकी आहे.

सोमवारी डार्लानं स्वयंपाकघराची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "पाकिटं कुणालाही उघडता येतात," म्हणाली. तेव्हापासून वीस महिने होत आले. ती रविवारी पलीकडच्या बाजूला बसते. बसायची.

ती 'चूक झाली' म्हणाली असती तर मी लगेच मिटवलं असतं. ती काही म्हणालीच नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पास्टर पान मागत होत्या. म्हटलं, छपाईयंत्र बंद आहे. हे खरंच आहे, देवाचे आभार.

डार्लाचं पान आठवून लिहायला बसले. नाव लिहिताच बाजूला एक चौकट फुलली, "हे मी पूर्ण करू का?" थकले होते. तिसऱ्यांदा विचारायची वाट न बघता "हो" म्हटलं. तिनं लिहिलं :

"डार्लाला निसर्गाची ओढ होती. तिचं हास्य सर्वांना उजळून टाकायचं. तिच्या स्मरणार्थ फुलपाखरं सोडावीत."

फुलपाखरं! डिसेंबरात, मिनेसोटात! मेलेली पडतील पटापट, आणि डार्ला पेटीतून उठून केर काढेल. निसर्ग म्हणजे तिला बुटाला लागलेला चिखल. आणि हास्य उजळणारं नव्हतं, दार करकरल्यासारखं होतं. कुत्री बिचकायची.

मोठ्यानं हसले. हे दहा वाजता सांगण्यासारखं होतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

रविवारी हॉटडिश केली : खिमा, मश्रूमचं सूप, वर बटाट्याचे गोळे रांगेत. डार्लाकडे नेली. गाडी चालू ठेवून भांडं पायरीवर ठेवलं आणि निघून आले. आजारी माणसाला कशाला घंटीचा त्रास.

आज ओपडाल सरांनी भांडं कचेरीत आणून दिलं. धुतलेलं. घासून लखलखीत.

आणि रिकामं.

इथं रिकामं भांडं कुणी परत करत नाही. सहा बिस्किटं, दोन टोमॅटो, काही नसलं तर दोऱ्याचं रीळ. पण रिकामं नाही. माझ्या आईच्या चुलतबहिणीनं १९६१ साली एक रिकामं पाठवलं होतं, त्या दोन घरांत अजून लग्न झालेलं नाही.

"खाल्लं का तिनं?"

"दोन घास," सर म्हणाले. "मीठ कमी आहे म्हणाली."

"आणखी काही?"

"नाही." मग टोपी फिरवत, "पण दोन घास खाल्ले. चार दिवसांत दुसरं काही खाल्लं नव्हतं."

मीठ मी बरोबर घातलं होतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

फाइली सापडल्या.

सर आले, कॉफीला दोनदा नाही म्हणाले, मग खिशातून काडेपेटीएवढी डबी काढून टेबलावर ठेवली. त्यात सगळं. त्रेसष्ट पानं, पत्रकं, किल्ल्या. दर जानेवारीला ते संगणकाची धूळ पुसायला येतात तेव्हा सगळ्याची एक प्रत काढून घरी नेतात. टायपिंगच्या वर्गातही आम्हाला बजावायचे, कार्बनशिवाय काही लिहू नका.

"सर! महिनाभर मी डोकं आपटतेय! तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू मशीनमध्ये आहेत का विचारलंस."

"मग?"

"मशीनमध्ये नव्हत्या."

काखेत कळसा म्हणतात तो हा. फक्त काख दुसऱ्याची, आणि तिला विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

"मग आज कसं सांगितलंत, न विचारता?"

सरांनी टोपी घातली. "डार्लाचं पान वाच," म्हणाले आणि पहिल्यांदाच कॉफी न पिता गेले.

वाचलं. अडीच वर्षांपूर्वी मीच टाइप केलेलं, तिनं टेबलावर बसून सांगितलेलं. तेव्हा दोघी हसत होतो, त्यामुळे नीट ऐकलं नसावं.

जेवण : ग्वेनला माहीत आहे.
कॉफी : ग्वेनला करू देऊ नये.
बोलणार : ग्वेन. पण लेखी, आणि आधी कुणीतरी वाचून घ्यावं.
कुणाला बोलू देऊ नये : ग्वेनला, लेखी नसेल तर.

आता काही अडचण नाही. छापायचं, पास्टरना द्यायचं, सुटले. छपाईयंत्रही आजच सापडलं तिला. जायची गरजच उरली नाही.

पण हे पान त्या ओळीच्या आधीचं आहे. माझं नाव त्या चौकटीत अजून आहे की खोडलंय, ते या डबीत नाही. ते फक्त तिला माहीत.

पास्टरना पान दिलं नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

गेले.

बैठकीच्या खोलीत खाट टाकलीय, खिडकीशी. डार्ला उशांच्या ढिगात, स्वतःच्या निम्मी. डोळे तेच.

"नर्सला वाटलं तू विमा विकायला आलीस," ती म्हणाली. "कोट काढ तरी."

"बसत नाही. कामाला आलेय. नव्या प्रणालीत सगळी पानं गेली. तुझंही. पुन्हा भरून घ्यायचंय."

"असं का?"

"माझ्या हातून 'नको' दाबलं गेलं. दोनदा."

"आणि तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही."

"नाही ना!"

"गधडी," डार्ला म्हणाली. प्रणालीला की मला, ते विचारलं नाही. "कॉफी घेणार?"

"नको."

"आहे केलेली."

"नको गं, कशाला."

मी वाट बघितली. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"विचार ना तिसऱ्यांदा," शेवटी मीच म्हटलं.

"माझ्याकडे तेवढा वेळ नाही, ग्वेन. हवी असेल तर घे."

उठून घेतली. पूर्ण कप. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः मागून घेतलेली कॉफी. चव काही वेगळी नव्हती.

मग कागद काढला. स्तोत्रं : दोन, छोटी. खांदेकरी : सहा, पाठ शाबूत असलेले सापडले तर. जेवण : नेहमीचं.

"वड्या?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं, रकाना आहे तो.

"कुठल्याही."

"घरच्या?"

"कोण करणार आता घरच्या?" मग डोळे मिटून म्हणाली, "मलाही तेव्हा जमल्या नाहीत. आदल्या दिवशी फार्गोला होते, पहिल्या तपासणीला. सुई घालून तुकडा काढतात ती. परत येताना गाडीतून पीठ आणायला दुकानात उतरवेना. पंपावर पेट्रोल भरायला थांबायचंच होतं. तिथं वड्या होत्या. आठ पाकिटं घेतली."

"आदल्या दिवशी म्हणजे?"

"सोमवारी. अकरा मार्च."

मी पेन्सिल धरून बसले होते. काहीतरी म्हणायला हवं होतं. तेवीस वर्षं दर आठवड्याला एक ओळ लिहिलीय मी, लोक कापून फ्रिजवर लावतात. एकही आली नाही.

"सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या आईच्या दफनात? माझं दुखणं?"

मी कागद सरळ केला.

"पुढचा रकाना वाच," ती म्हणाली.

"बोलणार कोण?"

"कुणी नाही," डार्ला म्हणाली. "लिही. कुणी नाही."

लिहिलं. आमच्याकडे निरोप घ्यायला अर्धा तास लागतो. खुर्चीपाशी, दाराशी, गाडीशी, तीनदा. आज दोन मिनिटांत बाहेर होते.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सकाळी संगणकासमोर बसले. "चेहरा ओळखता आला नाही. पुन्हा प्रयत्न करा." पुन्हा केला. पुन्हा तेच. थंडीनं डोळे सुजलेत, त्यामुळे असेल. शेवटी सांकेतिक शब्द टाइप केला. तो आठवत होता.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंग

पास्टर मेगननी जेवायला बोलावलं होतं. नको म्हटलं. "नक्की?" म्हणाल्या. नक्की म्हटलं. "बरं तर!" म्हणून हसून गेल्या. कॅलिफोर्निया.

टर्कीचं सँडविच खाल्लं. आईकडून आलेल्या दोन ताटांपैकी एक काढलं.

पत्रकाच्या जुन्या फाइलीतून ती मार्चची ओळ उघडून पाहिली. नवी प्रणाली अक्षरं फार ठळक दाखवते. ओळ अजून चांगली आहे. तेच तर.

मंगळवार, २ डिसेंबर

सर म्हणाले, डार्लानं बोलावलंय. एकदाच सांगितलं. मी लगेच गेले.

"व्हर्लिन म्हणतो, फाइली सापडून दोन आठवडे झाले," मी दारात असतानाच ती म्हणाली. (व्हर्लिन म्हणजे ओपडाल सर.)

मी कोटाची बटणं सोडू लागले.

"म्हणजे सापडल्या मंगळवारी, आणि तू खोटं बोलायला आलीस पुढच्या सोमवारी. सहा दिवस लागले तुला?"

"नवी प्रणाली आहे. सगळं हळू होतं."

दार करकरलं. म्हणजे ती हसली. मग खोकत राहिली, मी पाण्याचा पेला धरला, ती आढेवेढे न घेता प्यायली.

"जुन्या पानात त्या रकान्यात काय होतं? बोलणार कोण?"

"तुला माहितेय."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"ग्वेन. पण लेखी, आणि आधी कुणीतरी वाचून घ्यावं."

"मग आण लिहून," डार्ला म्हणाली. "मीच वाचते. तू छापलेलं नंतर वाचायचा मला कंटाळा आलाय."

शुक्रवार, ५ डिसेंबर

तीन दिवस लिहीत होते. बाजूच्या चौकटीनं मदत करू का म्हणून नऊ वेळा विचारलं. आता शिकली वाटतं विचारायला, पण नको त्या वेळी. दोन पानं झाली. छापून नेली.

डार्लानं लाल पेन्सिल मागितली. हात थरथरतो तिचा. ओळी खोडताना त्या लाटांसारख्या होत होत्या.

"'निःस्वार्थी.' कोण?" खोडलं.

"'चर्चचा कणा.' दुखणं कण्यातच गेलंय माझं, नको." खोडलं.

"हा विनोद चांगला आहे." खोडला.

"चांगला आहे म्हणालीस ना!"

"तुझ्यावर हसतील ते. माझं दफन आहे."

दुसऱ्या पानावर, खाली, मी लिहिलं होतं : "तिच्याबद्दल मी एकदा एक ओळ छापली. ती छापायला नको होती." पेन्सिल तिथं थांबली.

"हे त्यांना कशाला सांगतेस?" डार्ला म्हणाली. "त्यांना काय करायचंय? मला सांग."

मला सांगता येईना. लिहिलेलं होतं समोर, मोठ्या अक्षरांत, तरी वाचता येईना. मग तिच्या पांघरुणाकडे बघत म्हटलं, "छापायला नको होती."

"हं," ती म्हणाली. आणि ती ओळही खोडली.

दोन पानांत एक वाक्य उरलं : "डार्ला नीगार्डनं सव्वीस वर्षांत चारशे अकरा दफनांना जेवण घातलं."

"पास्टरनी पाच मिनिटं दिलीत," मी म्हटलं. "हे दहा सेकंदांत संपतं. बाकीचा वेळ काय करू?"

"गप्प उभी राहा."

"पाच मिनिटं?"

"तुझ्याकडून कधी ऐकलं नाही ते," डार्ला म्हणाली. "बघू जमतंय का."

मंगळवार, ९ डिसेंबर

रोज दहाला जाते. ती बहुतेक झोपलेली असते. मी खाटेच्या कडेवर बसते, खुर्चीवर नाही. कुणाचे वाभाडे काढायचे ते हळू आवाजात सांगते. कधी ओठ हलतात.

कचेरीत आज लक्षात आलं, हात आपोआप मधल्या बटणावर गेला. कोपऱ्यात गेलाच नाही. कुठल्या दिवसापासून, ते कळलं नाही. जुनी जागा आठवून पाहिली तर डोळ्यांसमोर येईना. सवय झाली ते बरंच झालं. वाईट वाटायचं काही कारण नाही.

रविवार, १४ डिसेंबर

पहाटे गेली. ओपडाल सरांचा फोन. "संपलं," म्हणाले, मग दोघंही फोन धरून बसून राहिलो. कोणीच ठेवेना.

गुरुवार, १८ डिसेंबर

उणे अकरा अंश. चर्च भरलेलं. पश्चिमेचेही आले होते.

लिंबाच्या वड्या मी भाजल्या होत्या. तीन घाणे. कडा जळल्या. कॉफीला हात लावला नाही, पानात लिहिलंय तसं.

पास्टरनी नाव पुकारलं. मी पुढं गेले. लोक आधीच जरा सैल होऊन बसले, ओठांच्या कोपऱ्यांत हसू तयार ठेवून. ग्वेन स्टेन्सरूड बोलणार म्हणजे काहीतरी ऐकायला मिळणार. मी कागद उघडला. लाल लाटांमधून ते एक वाक्य वाचलं आणि कागद मिटला.

मग उभी राहिले.

पहिलं मिनिट लोक पुढच्या ओळीची वाट बघत होते. दुसऱ्या मिनिटाला त्यांना वाटलं, मला रडू येतंय. सभ्यपणे सगळे बुटांकडे बघू लागले. तिसऱ्या मिनिटाला कुणी खोकलंही नाही. पहिल्या बाकावर ओपडाल सर डोळे मिटून बसले होते, एखादं लांबलचक भाषण ऐकावं तसे.

चौथ्या मिनिटाला मला एक ओळ सुचली. अगदी नेमकी, धारदार. माझ्या आजवरच्या ओळींत पहिल्या तिनांत बसेल अशी. सगळं चर्च समोर होतं, चारशे माणसं. ती ज्या एकीला सांगायची ती तीन फुटांवर, पेटीत.

गिळली. अजून एक मिनिट होतं.